पितळी पंपवाल्या मामी

मामी गवताला खत द्यायला निघाल्या की उलट्या चालायच्या. पाठीवर पितळी पंप, डाव्या हातानं दांड्याचा खालीवर ठेका, उजव्या हातात फवाऱ्याची नळी, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, आणि चाल मागं मागं. भिजलेल्या गवतावर पाय पडता कामा नये म्हणून. मागं काय आहे ते त्या कधी वळून पाहत नसत. ती काळजी आम्ही करायची. "मामी, खुर्ची!" "मामी, कुत्रा!" असं ओरडत आम्ही वाट मोकळी करायचो आणि त्या न थांबता म्हणायच्या, "त्याले डोळे नाई का? सरकंल तो."

साकोलीला महामार्गाला लागून त्यांच्या मुलाचं लग्नाचं लॉन आहे. आमच्या भागात लग्नाच्या जागेलाच लॉन म्हणतात, मग तिथं गवत असो की नुसता मुरूम. मामींच्या लॉनवर मात्र खरं गवत होतं, आणि भर उन्हाळ्यात, जेव्हा आमच्या जिल्ह्यात माणूस सावली सोडत नाही, तेव्हाही ते हिरवं असायचं. एसटीतले लोक खिडकीतून मान वळवून बघायचे. मी तिथं काही वर्षं काम केलं. आज मस्कतपासून थोड्या अंतरावर समुद्राकाठच्या एका हॉटेलाची हिरवळ माझ्या ताब्यात आहे. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळं लिहिताना हात बिचकतो. एक वाक्य लिहितो आणि ते बरोबर आहे का म्हणून तीनदा वाचतो. पण मामींबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि त्या स्वतः काही लिहायच्या नाहीत. त्यांचं नाव देत नाही. सगळी साकोली त्यांना मामी म्हणते, तेवढं पुरे.

मामी म्हणतात याचं कारण त्यांचे यजमान. ते बाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करायचे आणि गिऱ्हाईक त्यांना मामाजी म्हणायचं. मामाजी गेले, दुकान बंद झालं, आणि त्याच सुमारास शेतकऱ्यांकडं बॅटरीवर चालणारे प्लास्टिकचे पंप आले. जुने पितळी पंप लोक भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू लागले. मामींना ते पाहवेना. हातगाडीला आडव्या होऊन त्या पंप उतरवून घ्यायच्या आणि मूळ मालकाच्या घरी चिन्नोर तांदूळ पाठवायच्या. "ज्या पंपाले माह्या माणसाचा हात लागला, तो वितळवू देईन का मी?" असं म्हणायच्या. असे किती पंप जमले ते मी मोजले नाहीत, पण लॉनला लागून असलेल्या घराच्या सपरीत, म्हणजे पडवीत, भिंतभर खुंट्यांवर ते टांगलेले असायचे, चिंच आणि राखेनं घासलेले. सकाळचं ऊन सपरीत आलं की समोरच्या चहावाल्याचे डोळे दिपायचे. तो हात आडवा धरून ओरडायचा, "मामी, पडदा लावा जी, दूध उतू जाऊन राहिलं!"

प्रत्येक पंपाला नाव होतं. बहुतेकांची नावं म्हणजे ते ज्या गावाहून आले ती गावं. मी कामाला विचारायला गेलो तेव्हा राइस मिलमध्ये पोती उचलून माझी पाठ धरली होती आणि दुसरं काम मिळेल की नाही याची धास्ती होती. मामी पंपाच्या पोटात हात घालून बसलेल्या. वर न बघता म्हणाल्या,

"कोन्या गावचा?"

"करडीचा जी."

"करडीचा? मंग तं तू वळखीचा. तुह्या गावचा पंप हाये माह्यापाशी. लय कुरकुर करते, पन पानी दूर फेकते. तू कुरकुर करते का?"

"नाई जी."

"मंग पानी तरी दूर फेकते का?"

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "उद्या ये. पायात चप्पल नको." तेव्हापासून मला आणि त्या पंपाला त्या एकाच नावानं हाक मारत. "करडी कुठं हाये?" असं कुणाला विचारलं की तो बिचारा आधी खुंटीकडं बघायचा, मग माझ्याकडं.

या सगळ्या पंपांत एक होता तो साहेब. जवाहरनगरच्या एका बंगल्यातल्या बागेतून आलेला. त्याला पोचा नव्हता, गळती नव्हती, आणि त्याचा फवारा असा बारीक नि सारखा पडायचा की गवतावर धुकं उतरल्यासारखं वाटे. स्टेजसमोरचा मधला पट्टा, जिथं पाहुणे बसतात, तिथं फक्त साहेब चालायचा.

खत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि थोडं बेसन पाण्यात घालून कुजवलेलं. कधी त्यात मूठभर युरिया. हे पाणी लुगड्याच्या जुन्या कापडातून दोनदा गाळायचं, नाहीतर फवाऱ्याचं तोंड बुजतं. पहाटे पहाटे हे चालायचं. मामी स्वतः चहा घ्यायच्या त्या गवताचं झाल्यावर. लग्नाच्या आठवड्यात वास येऊ नये म्हणून गवताला खत बंद असे, आणि त्या दिवसांत मामीही एक वेळ जेवायच्या. मुलानं विचारलं तर म्हणायच्या, "ते उपाशी, अन् मी पाटावर बसून वरन-भात खाऊ का?" मी आधी हे थट्टेत घेतलं होतं. त्या खरंच जेवत नसत.

सगळ्यात विचित्र होती ती पंप धुण्याची रीत. खताचं पाणी पितळ खातं, म्हणून काम झालं की लगेच पंप धुवायचा, चामड्याच्या वायसरला एरंडीचं तेल लावायचं आणि पंप उलटा टांगायचा. पण धुतला हे ठरवायचं कसं? मामी पंपात साधं पाणी भरायच्या, दांडा मारायच्या आणि त्या फवाऱ्यानं स्वतःचं तोंड धुवायच्या. डोळे उघडे ठेवून. डोळ्याला चुणचुण लागली नाही तर पंप स्वच्छ. भातशेतीच्या दिवसांत कुणीही पंप मागायला आलं तरी त्या नाही म्हणत नसत, पण परत आणणाऱ्यालाही हीच परीक्षा. "धुतला ना? मंग धू तोंड." धुतला नसेल तर माणूस पंप घेऊन मागच्या पावली विहिरीकडं पळायचा. इथं मीही पंप धुतल्यावर तोंड धुतो. माझ्याबरोबरची केरळची नि नेपाळची माणसं हसतात. हसू देत. मला त्याशिवाय चैन पडत नाही.

मुलाला आम्ही भाऊ म्हणायचो. तो वाईट नव्हता, हे आधीच लिहून ठेवतो. आईचे गुडघे सुजलेले त्याला दिसत. मे महिन्यात विहीर तळाला जाई आणि त्याला टँकरमागं फिरावं लागे. त्याच्या मनात लॉनवर प्लास्टिकचं गवत घालायचं होतं. आजूबाजूच्या लॉनवाल्यांनी घातलंही होतं.

"माय, आता कोनी खरं गवत ठेवते का? झाडू मारला का झालं. पानी नाई, खत नाई."

"ज्याले भूक लागत नाई त्याच्यासंगं मी दिवसभर बोलू काय?" मामी म्हणायच्या.

शेवटी त्या वर्षी दोघांत ठरलं. एप्रिलमध्ये साकोलीतल्या एका मोठ्या कापडदुकानदाराच्या मुलीचं लग्न आमच्या लॉनवर होतं. भाऊ म्हणाला, "या लग्नात गवत चांगलं दिसलं तं मी पुन्हा विषय काढनार नाई. नाई दिसलं तं दुसऱ्याच दिवशी प्लास्टिकवाला येईल, अन् तू आराम करशील." मामींनी क्षणभरही विचार केला नाही. "हव," म्हणाल्या. त्यांना स्वतःच्या हाताची इतकी खात्री होती.

आता ईवायाची गोष्ट. आमच्याकडं व्याह्याला ईवाई म्हणतात आणि विहिणीला ईन. मामींच्या धाकट्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि तिचे सासरे मार्चच्या शेवटी पंप मागायला आले. तलावाखालच्या त्यांच्या बांधीत उन्हाळी धान होतं आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवत माजलं होतं. ईवायाला खुंटीवरचा कुठलाही पंप कसा द्यायचा? मामींनी साहेब काढून दिला. दोन दिवसांनी ईवाई पंप परत घेऊन आले. मी तिथंच वायसरला तेल लावत बसलो होतो. म्हटलं आता परीक्षा. पण मामींनी पदर डोक्यावर घेतला, पंप हातात घेतला आणि तो तसाच खुंटीला लावला.

ते गेल्यावर मी विचारलं, "मामी, तोंड नाई धुतलं जी?"

"वेडा का रे? ईवायासमोर पंप धुऊन पाहू? तुमच्यावर भरोसा नाई असं तोंडावर सांगू त्याईले? पोरगी हाये माही त्या घरी."

"आता तं गेले ते. आता धुवा."

"गेले म्हनून काय झालं? माघारी पाहनं म्हंजे आनखी वाईट."

दुसऱ्या पहाटे साहेब खतानं भरून मधल्या पट्ट्यावर चालला.

आठवड्याभरानं गवताला पिवळे पट्टे दिसू लागले. मग ते तांबूस झाले. साहेबाच्या फवाऱ्याएवढे रुंद, सरळ, एकापाठी एक. भाऊ सकाळी आला आणि उभाच राहिला. "नागझिऱ्याचा वाघ लोळून गेला का इथं?" म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "माय, काय केलं हे? लग्न तोंडावर आलं!"

मामींनी पट्ट्याच्या टोकापासून टोकापर्यंत पाहिलं. त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं. पंपाच्या तळाशी धुऱ्यावरचं तणनाशक राहिलं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की शब्द आतच राहिला. मुलाला म्हणाल्या, "माह्या हातून खत जास्त पडलं."

मला आजही नवल वाटतं. ज्या बाईनं आयुष्यात कधी खत जास्त पडू दिलं नाही, तिनं हे मान्य करावं! चार दिवसांत बाजारभर झालं की मामींचा हात गेला. भाजीवाली म्हणाली, वय झालं. समोरचा चहावाला म्हणाला, "मामी, आता पडदा नाई लावला तरी चालते जी, चमक गेली." मामी ऐकून घेत आणि भाजी निवडून घेत. एकदा मी न राहवून म्हणालो, "खरं सांगून टाका ना जी." त्यांनी एवढंच विचारलं, "अन् माह्या पोरीले तिथं जेवन गोड लागंल का?"

भाऊनं तोडगा काढला. हिरवा रंग आणला. "तुह्याच पंपात भरू अन् मारून टाकू. एक रात्र निभली का झालं. प्लास्टिकवाल्याले मी थांबवतो, बस?" म्हणजे नमतं त्यानंच घेतलं होतं. मामी रंगाच्या डब्याकडं बघत म्हणाल्या, "गवताले लिपस्टिक लावू? पाहुन्याइचे तळवे हिरवे होतीन. पोपट वाटतीन सारे." आणि डबा त्यांनी फाटकाला मारायला काढला. फाटक अजून हिरवं आहे.

मग त्यांनी स्टेजची जागा खुरपीनं आखली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाल्या, "स्टेजखाली कोन पाहते?" तिथलं गवत चांगलं होतं. ते मुळासकट, मातीसकट, भाकरीएवढ्या तुकड्यांत उचलायचं आणि मेलेल्या पट्ट्यांत बसवायचं. मेलेलं गवत खणून स्टेजच्या जागी टाकायचं. वेळ थोडा होता, मुळं धरतील की नाही याचा भरवसा नव्हता, आणि ऊन असं की उचललेली भाकरी दहा पावलांत मान टाके. मामी फतकल मारून बसल्या आणि कापू लागल्या. मी उचलायचो. रोज दुपारी वाटायचं, हे होत नाही. माझा स्वभावच असा. मी दर तासाला कालच्या भाकरीचा कोपरा उचलून मूळ धरलं का पाहायचो, आणि मामी खुरपीची मूठ माझ्या पाठीत घालायच्या. "सारखी चादर उचलून पाहशील तं लेकरू झोपंल का?"

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ईवाई आले. सुनेच्या तोंडून त्यांना कळलं होतं की आईच्या हातून लॉन जळलं. मामींनी हात धुतले, पदर घेतला, सावलीत खुर्ची मांडली, तिच्यावर उशी ठेवली. ईवाई बसले नाहीत. ते उरलेल्या पट्ट्याशी जाऊन उभे राहिले. हातानं रुंदी मापली. मग टोपी काढली.

"ईनबाई, माह्या धुऱ्यावर अश्शीच रेघ वाळली हाये."

"उन्हाळा हाये जी. चहा ठेवते."

"मी पंप नुसता खंगाळला होता. पोरानं हाक मारली अन् तसाच घेऊन आलो. तुमी तपासला काऊन नाई?"

मामी खुर्चीवरची उशी नीट करू लागल्या. ईवाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मातीकडं पाहिलं.

"चहा मंग पेतो," ईवाई म्हणाले. "फावडा कुठं हाये?"

"अवो नाई जी! ईवायानं आमच्या घरी फावडा धरावा? लोक काय म्हनतीन?"

"लोक म्हनून राहिले का तुमचा हात गेला. थे चालते?"

मामींनी खुर्ची उचलून त्यांच्या मागं मागं नेली, दोनदा, तीनदा. ते जिथं खणत होते तिथं जाऊन ठेवायच्या. शेवटी त्या खुर्चीवर आम्ही पाण्याची घागर ठेवली. संध्याकाळी भाऊ आला तेव्हा त्याच्या बहिणीचे सासरे गुडघाभर मातीत होते. भाऊला घाम फुटला. ईवाईंनी स्वतःच त्याला सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, महामार्गावरच्या माणसाला ऐकू जाईल असं. चहावाल्यानं नक्की ऐकलं, कारण तो किटली घेऊन स्वतः आला. दुसऱ्या दिवशी ईवाईंचा ट्रॅक्टर तलावाच्या गाळाची ट्रॉली घेऊन हजर होता आणि ट्रॉलीवर त्यांची दोन मुलं. भाऊही बाह्या सावरून उतरला. मामी मधोमध उभ्या राहून सगळ्यांना रागावत होत्या. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मुळं धरू लागली तसं पातळ खत सुरू झालं. मामींनी माझ्या पाठीवर करडी बांधला आणि मधला पट्टा मला दिला. पहिल्यांदाच. मी इतका हळू उलटा चाललो की त्या म्हणाल्या, "लग्न याच वर्षी हाये ना रे?" पुढं नागपूरला परदेशातल्या कामासाठी माणसं निवडत होते, तेव्हा मला सर्टिफिकेट विचारलं नाही, एक पंप देऊन फवारून दाखव म्हणाले. मी चप्पल काढली आणि उलटा चालू लागलो. निवडणाऱ्यांत एक जण होता तो उठून जवळ आला. मला वाटलं, गेलं काम. तो म्हणाला, कुणी शिकवलं? मी सांगितलं, आमच्या मामींनी. हे सांगताना छाती किती भरून आली ते मला लिहिता येत नाही.

लग्नाच्या दिवशी गवत हिरवं होतं. नीट बघितलं तर शिवण दिसायची, गोधडीला दिसते तशी. पण बघतं कोण? मुलं लोळत होती, बायका चपला काढून बसल्या होत्या, आणि नवरीच्या आजीला खुर्ची दिली तर तिनं ती बाजूला सारून मांडी घातली. मामी फाटकाशी उभ्या. येणारा प्रत्येक जण त्यांना नमस्कार करत होता आणि त्या प्रत्येकाला सांगत होत्या, "ईवायानं लावलं हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिकवाला आलाच. त्याला नको म्हणून कळवायचं सगळ्यांच्या डोक्यातून गेलं होतं. टेम्पोत हिरव्या गवताची गुंडाळी. मांडववाले तोवर स्टेज उचलून घेऊन गेले होते आणि त्या जागी उघडी, भकास जमीन पडली होती. भाऊ आईकडं बघायला तयार नव्हता. प्लास्टिकवाल्याला म्हणाला, "माफ करा भाऊ, तुमाले उगाच बोलावलं. आमाले नाई पाहिजे."

मामी सपरीतून उतरल्या. गुंडाळीजवळ गेल्या, बोटानं दाबून पाहिली, नाकाशी नेली.

"एवढ्या दूर आला तो," त्या मुलाला म्हणाल्या, "रिकाम्या हातानं पाठवशील? त्या स्टेजच्या जागी टाक म्हना. तिथं औषधानं मेलेली माती हाये, आता काही येनार नाई."

भाऊ आईकडं बघतच राहिला. मग दोघंही हसायला लागली.

ते गवत अजून तिथं आहे, स्टेजखाली; आता हंगामभर स्टेज उभंच असतं. भाऊशी फोनवर बोलणं होतं तेव्हा तो सांगतो. लॉन पाहायला कुणी आलं की मामी आधी त्याला सगळ्या हिरव्या गवतावरून अनवाणी चालवतात, आणि मग पाहुण्याला वाकायला लावून स्टेजच्या खालचा पडदा वर उचलतात.

"अन् हे," म्हणतात, "माह्या लेकाचं वावर. पाहा, किती सरळ पेरलं त्यानं."